शाई न पसरणारं कार्ड

"कुठलंही आणा," असं दिपमाला म्हणाली, आणि तिथेच सगळं बिनसलं.

तिचं मागणं साधं होतं. पाच इंच बाय तीन इंचाची कोरी, जाडसर कार्डं. एका बाजूला प्रश्न लिहायचा, दुसऱ्या बाजूला उत्तर. मोबाईलवर अभ्यास शिकवणाऱ्या कुणा सरांनी सांगितलं होतं की वहीत लिहिलेलं वहीतच राहतं आणि कार्डावर लिहिलेलं डोक्यात जातं. दिपमाला सुरवाडे जळगावातल्या एका वस्तीत अठरा वर्षं अंगणवाडी सेविका होती आणि यंदा मुख्यसेविकेच्या परीक्षेला बसणार होती. मुख्यसेविका म्हणजे पंचवीस अंगणवाड्यांवर देखरेख करणारी बाई. वयाची अट पंचेचाळीस, आणि दिपमालाला चव्वेचाळीस पूर्ण होऊन सात महिने झालेले. म्हणजे तिची ही पहिली संधी होती आणि शेवटचीही. "शाई पसरली नाही म्हणजे झालं," ती म्हणाली. "बाकी कुठलंही चालेल."

आता कागदाच्या बाबतीत "कुठलंही" हा शब्द देवचंद सुरवाड्यांसमोर उच्चारायचा नसतो, हे अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिला कळायला हवं होतं. देवचंदभाऊ जिल्ह्याच्या एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक लिपिक होते. (कार्यालयाचं नाव सांगत नाही, भाऊंची नोकरी अजून चार वर्षं आहे.) सव्वीस वर्षांत या टेबलावरून एकही कागद हरवला नाही, असं ते ओळख झाल्यापासून तिसऱ्या वाक्यात सांगत. कागद कानाशी नेऊन एकदा हलवला की त्याच्या आवाजावरून ते त्याची जाडी आकड्यात, चौरस मीटरला किती ग्रॅम अशी, सांगत. बायकोच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका परीक्षेला कुठलाही कागद आणणं म्हणजे स्वतःच्या नोकरीचा अपमान होता.

पहिल्या दुकानात जे पाकीट समोर आलं त्यावर एक हसरं सफरचंद होतं. "यात एबीसीडी छापूनच येते," दुकानदार म्हणाला, "लिहायची कटकट नाही." दुसऱ्या दुकानात कोरी कार्डं होती. भाऊंनी त्यातलं एक कानाशी हलवलं आणि निकाल दिला, "सत्तर." दुकानदाराने पाकिटावर छापलेला एकशे ऐंशीचा आकडा दाखवला. भाऊ म्हणाले, "आकडा काहीही असो, कागद खोटं बोलत नाही." त्यावर दुकानदार अगदी शांतपणे म्हणाला, "काका, मोबाईल कानाला लावतात. कागद डोळ्यासमोर धरतात." शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या दोन मुली हसल्या. भाऊंनी तो अपमान "काका"सकट गिळला आणि ते पायऱ्या उतरले.

पुण्याला नोकरी करणाऱ्या आकाशने, म्हणजे त्यांच्या मुलाने, घरबसल्या मागवून दिलेली कार्डं पाचव्या दिवशी आली. खोका फार सुंदर होता. कार्डं मात्र अशी की प्रश्नाच्या बाजूनेच उत्तर वाचता येत होतं, फक्त उलट्या अक्षरांत. दिपमाला म्हणाली, चालेल. भाऊ म्हणाले, "याला अभ्यास म्हणत नाहीत, याला कॉपी म्हणतात." खोका कपाटावर गेला.

एव्हाना गल्लीत बातमी पसरली होती की सुरवाड्यांना कार्डं मिळत नाहीत, आणि आपल्याकडे एखाद्याला काही मिळत नाही म्हटलं की सल्ला मात्र मिळतोच. शेजारच्या किरणवहिनींनी जुन्या लग्नपत्रिका आणून दिल्या. मागची बाजू कोरी असते ना. दिपमालाने दोन दिवस त्याही वापरून पाहिल्या. पण रक्तक्षयाची लक्षणं पाठ करताना कार्ड उलटलं की "आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं" असं समोर येई, आणि तिची लय बिघडे. शेवटी समोरच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक गिरधर नाना स्वतः चालत आले. नाना सहसा कुणाकडे जात नाहीत, लोक त्यांच्याकडे येतात. त्यामुळे त्यांना खुर्ची देऊन सगळे उभे राहिले.

"धुळ्याला जा," नाना म्हणाले. "जीवराम म्हणून आहे. शाळेचे कॅटलॉग आम्ही तीस वर्षं त्याच्याकडून घेतले. आखलेली ओळ पुसायची म्हटली तर कागद फाटेल, पण ओळ जाणार नाही."

रविवारी भाऊ एस.टी.ने धुळ्याला गेले. एरंडोल, पारोळा करत अडीच तासांनी उतरले आणि विचारत विचारत आग्रा रोडच्या मागच्या बोळात पोचले. आणि तिथे, एका पत्र्याच्या लांबट खोलीत, त्यांनी जे पाहिलं त्याने ते दारातच चप्पल काढून उभे राहिले. चप्पल काढायची काही गरज नव्हती. ती आपोआप निघाली.

खोलीभर लांब लाकडी सांगाडा होता. त्यावर पितळेच्या बारीक चोचींची एक रांग, प्रत्येक चोच तिच्या शेजारणीपासून बरोबर तेवढ्याच अंतरावर. चोचींच्या पाठीवर निळ्या शाईत भिजलेली लोकरीची पट्टी. ताणलेल्या दोऱ्यांवरून कोरा कागद सरकत यायचा, चोचींखालून निघायचा, आणि पलीकडे पोचेपर्यंत त्यावर चाळीस ओळी उमटलेल्या असायच्या, एकीचाही हात न थरथरता. सत्तरीचे जीवरामभाऊ एका हाताने मूठ फिरवत होते. सव्वीस वर्षं देवचंदभाऊ रोज आखलेल्या नोंदवहीत लिहीत आले होते. त्या ओळी कुठून येतात, हा प्रश्न त्यांना आयुष्यात कधी पडला नव्हता. आपल्या हाताखाली रोज इतकं सरळ काहीतरी होतं आणि आपण त्यावर नुसते आकडे घालत बसलो, असं वाटून त्यांना एकदम भरून आलं.

"हाई यंत्र मना बापनं शे," जीवरामभाऊ म्हणाले. मग भाऊंच्या कानाच्या विद्येबद्दल ऐकून त्यांनी कपाटातून एक जाड तुकडा काढून पुढे धरला. "सांगा बरं."

भाऊंनी तो कानाशी हलवला. "दोनशे वीस."

"बरोबर," जीवरामभाऊ म्हणाले, आणि कागद परत ठेवला. इतकंच. पण जळगावच्या दुकानातल्या त्या दोन मुली या क्षणी इथे असायला हव्या होत्या असं भाऊंना फार वाटलं.

जीवरामभाऊ कार्डाला आखून देणार होते: वर एक लाल ओळ, खाली आठ निळ्या, कोपरे गोल. पण त्या जाडीचा कागद मागवावा लागणार होता, आणि पाच हजारांपेक्षा कमी कार्डांसाठी चोचींची जुळणी बदलणं त्यांना परवडत नव्हतं. वेळ सव्वा महिना. भाऊ इतके भारावलेले होते की ते पन्नास हजारांनाही हो म्हणाले असते.

"पाच हजार?" घरी दिपमालाने विचारलं. "अहो, अभ्यासक्रम सात प्रकरणांचा आहे."

सव्वा महिना ती थांबू शकत नव्हती; परीक्षा दोन महिन्यांवर होती. तेव्हा गिरधर नानांनी दुसरा सल्ला दिला, आणि पुढचं सगळं रामायण त्या सल्ल्याने घडलं. "तोवर पोस्टकार्ड वापरा," नाना म्हणाले. "सरकारी माल. पावसात भिजलं तरी अक्षर वाचता येतं."

भाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. आयुष्यभर टपालात काम केलं आणि हे सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी ते पोस्टात गेले आणि दोनशे कोरी पोस्टकार्डं मागितली. खिडकीपलीकडच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. एवढी कार्डं कुणाला लिहिणार? कुणालाच नाही, भाऊ म्हणाले. मग घेता कशाला? अभ्यासाला. बाई आत गेल्या आणि वरिष्ठांना घेऊन आल्या. वरिष्ठ म्हणाले की पोस्टकार्ड हे पत्रव्यवहारासाठी असतं, पत्रव्यवहार करणार नसाल तर प्रयोजन लेखी द्या. दुसऱ्या कुणाला याचा राग आला असता. भाऊंना आदर वाटला. त्यांनी तिथेच बाकावर बसून विषय, संदर्भ आणि "महोदय" घालून दीड पानी अर्ज लिहिला. वरिष्ठांनी तो दोनदा वाचला, "अर्ज छान आहे," म्हणाले, आणि शिल्लक होती ती साठ कार्डं दिली.

कार्ड उत्तम होतं. शाई पसरत नव्हती, आरपार दिसत नव्हतं, बोटाला खडबडीत लागे पण पेनाच्या टोकाला अडत नसे. कोऱ्या बाजूला दिपमाला प्रश्न लिही. दुसऱ्या बाजूला पत्त्यासाठी छापलेल्या ओळी तयारच होत्या, त्यांवर ती उत्तर लिही. त्या आठवड्यात तिचं सहावं प्रकरण चालू होतं: कोणत्या कामाची जबाबदारी कोणावर. तिने चौदा कार्डं केली आणि भिंतीवरच्या तसबिरींखाली जे स्टूल होतं, त्यावर रचून ठेवली. तीन दिवस येता-जाता ती वरचं कार्ड उचलून प्रश्न वाची, डोळे मिटून उत्तर देई, कार्ड खाली सरकवी.

चौथ्या दिवशी स्टूल रिकामं होतं.

"माय, इथली कार्डं कुठे गेली?" भाऊंनी आईला विचारलं. भागाबाईंचं वय ब्याऐंशी. त्यांना वाचता येत नाही, पण पोस्टकार्ड ओळखता येतं.

"पेटीमा टाकी उनू," भागाबाई म्हणाल्या. "लिखेल पत्रं तीन दिवस घरमा पडेल शेतस. कोनी वाट दखत व्हई." त्यांच्या लग्नानंतर भावाचं एक पत्र कुणाच्या तरी खिशात आठ दिवस राहिलं होतं आणि त्यांना माहेरी पोचायला उशीर झाला होता. तेव्हापासून लिहिलेलं पत्र घरात दिसलं की त्यांना चैन पडत नसे. लांबची लाल पेटी गाठून त्या काठी टेकत परत आल्या होत्या आणि आता पाय चेपत बसल्या होत्या. त्यांना रागावणं शक्यच नव्हतं.

भाऊ पोस्टात धावले. तेच वरिष्ठ. त्यांनी सांगितलं की पेटीत पडलेलं पत्र टाकणाऱ्याचं राहत नाही, ज्याच्या नावाचं त्याचं होतं. परत हवं असेल तर प्रत्येक पत्राचा तंतोतंत पत्ता देऊन वेगवेगळा अर्ज करा. पत्ते म्हणजे दिपमालाची उत्तरं. भाऊंनी तिला फोन लावला, आणि तिने तिकडे मुलांना खिचडी वाढता वाढता चौदाच्या चौदा उत्तरं ओळीने सांगितली, प्रश्नांसकट, एकदाही न अडखळता. भाऊ लिहून घेत होते. सातव्या उत्तराला त्यांचा हात थांबला. अठ्ठावीस वर्षं जिच्याशी बोलतो ती ही बाई, हे त्यांना एकदम नवीन वाटलं. तोवर टपालाची गाडी निघून गेली होती.

आता या चौदा कार्डांचं वैशिष्ट्य नीट ध्यानात घ्या. प्रकरण जबाबदारीचं, म्हणून प्रत्येक प्रश्न "कोणी" असा होता आणि प्रत्येक उत्तर म्हणजे एका अधिकाऱ्याचा हुद्दा. उत्तर पत्त्याच्या जागी होतं. म्हणजे प्रत्येक प्रश्न थेट त्याच माणसाकडे निघाला होता ज्याचं ते काम होतं.

सोमवारी टपाल आलं आणि भाऊंच्या टेबलावर, गठ्ठ्यात सगळ्यात वर, बायकोच्या ठसठशीत अक्षरातली नऊ पोस्टकार्डं होती. कारण जिल्ह्यातले बहुतेक जबाबदार अधिकारी भाऊंच्याच इमारतीत बसत. "अंगणवाडीचे वजनकाटे दर तीन महिन्यांनी कोणी तपासून घ्यायचे?" पत्ता: बाल विकास प्रकल्प अधिकारी. "गळक्या अंगणवाडीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव कोणी पाठवायचा?" पत्ता: उपअभियंता. खाली सही नाही, नाव नाही.

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. ही नऊ कार्डं खिशात गेली असती तर जगात कुणाला कळलं नसतं. हात अर्धा खिशापर्यंत गेलाही. पण शिपाई तोताराम आधीच मागे उभा राहून वाचत होता.

"भाऊसाहेब," तोताराम हळू आवाजात म्हणाला, "हाऊ मानूस साधा नही शे. बठ्ठा साहेबस्ले एकेक प्रश्न टाकेल शे. ज्याना त्याले."

भाऊंनी कार्डांवर शिक्के मारले, आवक क्रमांक घातले आणि ती आत पाठवली. त्या दिवशी त्यांचं स्वतःचं अक्षर पहिल्यांदा वाकडं आलं.

पुढच्या आठ दिवसांत त्या इमारतीत जे झालं ते भाऊंनी सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. "कोणी तपासायचे?" हा दिपमालाचा साधा अभ्यासाचा प्रश्न होता. पण तोच प्रश्न ज्याने ते तपासलेले नव्हते त्याच्या टेबलावर गेला, की त्याचा सूर पार बदलत होता. साहेबांना घाम फुटला. निनावी तक्रार असती तर केराच्या टोपलीत गेली असती. इथे तक्रार नव्हतीच, फक्त विचारणा होती, आणि विचारणाऱ्याला नियम तोंडपाठ होते. मुंबईहून गुप्त तपासणी आली आहे, असं दुपारपर्यंत ठरलं. लोक कपाटं उघडून शासन निर्णय वाचू लागले. उपअभियंता स्वतः शिडी लावून एका अंगणवाडीच्या पत्र्यावर चढले. बाहेरच्या कार्यालयांत गेलेली चार कार्डंही, "सदर बाब आपणाशी संबंधित" अशी पत्रं जोडून, याच इमारतीत परत आली. झाली तेरा. चौदावं कुठे गेलं ते कळलं नाही.

गुरुवारी दिपमाला घरी आली ती थेट बाजेवर बसली. "नवा वजनकाटा आला," ती म्हणाली. "आज. गाडी घेऊन माणूस आला, पेटी फोडली, लावून दिला. तीन वर्षं अर्ज करतेय मी." ते तिन्ही वर्षांचे अर्ज भाऊंनी स्वतःच्या हाताने आवक केले होते, क्रमांक घालून, सुवाच्य अक्षरात. पुढे त्यांचं काय झालं हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. एकही कागद हरवला नाही, हे वाक्य त्यांनी त्या संध्याकाळी कुणालाही ऐकवलं नाही.

शुक्रवारी मोठ्या मॅडमचा आदेश निघाला. हेमांगी मॅडम कार्यालयाच्या प्रमुख. तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्याही नावे एक कार्ड होतं. आदेशात लिहिलं होतं: सर्व तेरा पत्रांना उत्तरं द्यावीत; पत्रलेखकाचा शोध आवक शाखेने घेऊन सात दिवसांत अहवाल सादर करावा. आवक शाखा म्हणजे देवचंद सुरवाडे आणि एक पंखा.

इथे गंमत संपते, कारण दिपमालाचा परीक्षेचा अर्ज मॅडमच्याच टेबलावर शिफारशीसाठी पडला होता. सेविकेने वरिष्ठांना डावलून परस्पर वर लिहायचं नसतं, असा नियम आहे, आणि चौकशी चालू असलेल्याचा अर्ज पुढे जात नाही, असाही एक आहे. दोन्ही नियम दिपमालाला पाठ होते, पाचवं प्रकरण. अर्ज पुढे जायला सहा दिवस उरले होते.

"मी लिहितो, शोध लागत नाही," भाऊ म्हणाले. "कोण बघतंय."

"तुम्हीच बघताय," दिपमाला म्हणाली. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "मी अठरा वर्षं मुलांची वजनं लिहिते. खोटं वजन लिहिलं तर मूल जाडं होत नाही. खोटा शेरा मारू नका." मग जरा वेळाने, "अर्ज नाही गेला तर नाही गेला," असं म्हणाली, आणि आधीच निवडलेले तांदूळ पुन्हा निवडू लागली. भाऊंना वाटलं, आपण कुठलंही आणलं असतं तर बरं झालं असतं. ती सत्तरवाली कार्डंसुद्धा चालली असती.

त्यांनी अहवाल लिहिला. तो आजही कार्यालयात पाहायला मिळतो. "उपरोक्त विषयान्वये सविनय सादर की, पत्रलेखकाचा शोध लागला आहे. सदर लेखिका ही प्रस्तुत लिपिकाची पत्नी असून, सदर पत्रे प्रस्तुत लिपिकाच्या आईने पेटीत टाकली आहेत. पोस्टकार्डे प्रस्तुत लिपिकाने खरेदी केली होती. कागदाची निवडही प्रस्तुत लिपिकाचीच."

मॅडमनी दोघांना बोलावलं. टेबलावर तेरा कार्डं दोन ओळींत मांडलेली होती. इतक्या हातांतून, इतक्या शिक्क्यांखालून जाऊन आलेली. तरी एकावरही शाई पसरलेली नव्हती, हे भाऊंच्या नजरेने त्या परिस्थितीतही टिपलं.

"हे प्रश्न तुम्ही आम्हाला विचारलेत?" मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम," दिपमाला म्हणाली. "मी स्वतःला विचारले होते. उत्तर मागच्या बाजूला आहे."

मॅडमनी हातातलं कार्ड पाहिलं. "जिल्ह्यातलं एक जरी मूल कमी वजनाचं राहिलं, तर शेवटी उत्तर कोणी द्यायचं?" त्यांनी ते उलटं केलं. मागे त्यांचाच हुद्दा होता. त्या कार्डाकडे त्या पुन्हा एकदा, आता विद्यार्थ्यासारख्या, बघत होत्या.

"प्रकल्प अधिकाऱ्यांनी उत्तरात लिहिलंय, वजनकाटे सहा महिन्यांनी तपासायचे असतात," त्या म्हणाल्या.

"तीन, मॅडम. सहा जुनं झालं."

मॅडमनी पेन उचललं आणि फायलीत ती दुरुस्ती केली. मग बाजूच्या गठ्ठ्यातून दिपमालाचा अर्ज काढला, त्यावर शिफारस लिहिली, सही केली, आणि तो देवचंदभाऊंपुढे धरला. "आजच्या जावकमध्ये घ्या." भाऊ दाराकडे वळले तेव्हा मागून प्रश्न आला, "पण सुरवाडे, पोस्टकार्डच का?" मॅडमना वाटलं असेल एका वाक्यात उत्तर येईल. भाऊंनी सफरचंदापासून सुरुवात केली. जीवरामभाऊंच्या चोचींपर्यंत आले तेव्हा मॅडमचा चहा गार झाला होता, पण त्यांनी मध्ये थांबवलं नाही.

सव्वा महिन्याचा वायदा लांबत गेला आणि धुळ्याची कार्डं परीक्षेनंतर नऊ दिवसांनी आली. भाऊंनी गाठ सोडली आणि पहिलं कार्ड नुसतं हातात धरलं. वर एक लाल ओळ, खाली आठ निळ्या. ते कानाशी हलवायची त्यांची छाती होईना, इतकं ते सुंदर होतं. चार हजार नऊशे नव्व्याण्णव अजून खोक्यात होती आणि परीक्षा होऊन गेली होती. "पुढच्या वर्षी बाकीच्या बाया बसतीलच ना," दिपमाला म्हणाली आणि शंभर शंभरचे गठ्ठे बांधायला बसली.

ती पास झाली. जिल्ह्यात कितवी आली ते भाऊंना विचारा; ते सांगतील, बसायची तयारी ठेवा. नेमणूक धरणगावची निघाली.

हुकूम हातात पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या टपालात चौदावं कार्ड आलं. भाऊंनी ते आधी ओळखलंच नाही, इतके त्यावर शिक्के होते. पत्त्याच्या जागी दिपमालाने एकच शब्द लिहिला होता: मुख्यसेविका. गाव नाही, जिल्हा नाही. तेवढ्या पत्त्यावर ते कार्ड पाच महिने खानदेशभर हिंडलं होतं आणि कुणीही ते फेकून दिलं नव्हतं. धुळ्यात कुणी लिहिलं होतं, "कोणत्या?" नरडाण्याला, "येथील नव्हे." दोंडाईच्याला, "आमच्या बाई रजेवर आहेत, पुढे पाठवावे." शेवटचा शेरा लाल शाईत, धरणगावचा: "पद रिक्त. जिल्हा कार्यालयास परत."

भाऊ बराच वेळ ते कार्ड बघत बसले. इतक्या माणसांनी, नाव नसलेल्या एका बाईला, न कंटाळता शोधलं होतं. मग त्यांनी ते आवक केलं. पट्टी घेऊन "पद रिक्त" या दोन शब्दांवर एक रेघ मारली, अगदी सरळ, जीवरामभाऊंनी पाहिली असती तर मान डोलावली असती, आणि खाली लिहिलं: श्रीमती दिपमाला देवचंद सुरवाडे, धरणगाव. जावक क्रमांक घातला. आणि नोकरीत पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने टपाल पोचवायला निघाले.

दिपमाला घरी पिशवी भरत होती; अकराची धरणगावची बस होती, पहिला दिवस होता. दारात भागाबाई काठी टेकून उभ्या होत्या. "कोन्हं पत्र शे?" त्यांनी विचारलं.

"तू टाकलेलं, माय. पोचलं."

दिपमालाने कार्ड घेतलं आणि तिच्याच अक्षरातला प्रश्न वाचला. "दर महिन्याला प्रत्येक अंगणवाडीत स्वतः जाऊन मुलांची वजनं कोणी पाहायची?" तिने ते पर्समध्ये ठेवलं आणि चप्पल घातली. उत्तर पाहायला तिने कार्ड उलटलं नाही.